टायरचा घेर

नगर-पाथर्डी रस्त्यावर प्रवासी वाहणारी ज्ञानेश्वरची जीप रोज मच्छिंद्रच्या जीपच्या आधी स्टँडवर पोचायची आणि मच्छिंद्रच्या पोटात दुखायचं. दोघांच्या जीपा सारख्याच जुन्या. शेवटी मच्छिंद्रनं मोबाईलवर हिशेब मांडला. इंजिनाचे फेरे तेवढेच, गिअरही तोच, पण टायरचा घेर वाढवला तर चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापणार. ताशी दहा किलोमीटर तर सहज वाढतील. त्यानं लगेच मोठे टायर चढवले.

सपाटीला हिशेब खरा ठरला. ज्ञानेश्वरला मागं टाकताना त्यानं मुद्दाम लांब हॉर्न दिला. करंजी घाटात मात्र ती थोरली चाकं ओढायला इंजिनाचा जोर पुरेना. ठासून भरलेली जीप क्लच करपून ऐन चढावर थांबली.

मागून आलेल्या ज्ञानेश्वरनं दोन्ही जीपांतली माणसं खाली उतरवली आणि दोर बांधायला घेतला.

"हस की आता," मच्छिंद्र धुसफुसला. "रोज माझ्या फुडं पळतोस, तरी तुझं पोट भरंना व्हय?"

ज्ञानेश्वरनं गाठ आवळली.



"पळावंच लागतं, मच्छिंद्रा. तू स्टँडवर उभा असलास, की माझ्या जीपकडं कोन पाशिंजर बघतंय?"