दोन मनोऱ्यांचं घर

"जेवायच्या टेबलाला चौदा खुर्च्या होत्या," चष्मेवाले आजोबा म्हणाले. "अकरा बहिणी म्हटल्यावर तेवढ्या लागणारच."

ग्रंथपाल बाईंनी लिहून घेतलं. शहरातल्या पाडलेल्या जुन्या घरांवर वाचनालय पुस्तक काढत होतं. वर्तमानपत्रात तसं छापून आल्यापासून माणसं येत होती, पण बहुतेकांना घरापेक्षा शेजाऱ्यांची भांडणंच जास्त आठवत. आजोबांचं तसं नव्हतं. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात घालवलेला माणूस, बोलणंही तसंच स्वच्छ. त्यांच्या बायकोचं बालपण दोन मनोऱ्यांच्या घरात गेलं होतं. ती जाऊन आठ महिने झाले होते.

"जिन्यातल्या खिडकीला लाल-निळ्या काचा. सकाळी सगळ्या बहिणी पायऱ्यांवर ओळीनं बसायच्या आणि जी ती खालच्या पायरीवरच्या बहिणीची वेणी घालायची. सगळ्यात वर थोरली. तिची वेणी कोण घालणार? म्हणून तिचे केस कायम आखूड!" आजोबा स्वतःच खुदकन हसले.

"आणि आईवडील?"

"वडील फिरतीवर असायचे म्हणे. आई..." ते थांबले. बाईंचा चष्मा नाकावरून घसरत होता. "द्या इकडे, काडी ढिली झालीय." खिशातून बारीकसा पेचकस काढून त्यांनी स्क्रू आवळला. "माझ्या दोन्ही मुली आईच्या त्या घराच्या गोष्टींवरच वाढल्या. त्यांना हे पुस्तक हवंय."

"कागदपत्रांशी ताडून बघते आधी."

"बघा. कोनाकोपरा सोडू नका. काय काय सापडतं ते मलाही कळू दे."

बाईंनी खरंच कोनाकोपरा सोडला नाही. आठवडाभर जुन्या दप्तरातली धूळ खाल्ली, तेव्हा घर हळूहळू उलगडलं. एकशेतीस वर्षांपूर्वी एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं ते नव्या नवरीसाठी बांधलं. दोन वर्षांत नवरी गेली. ती जिथं बसायची त्या मनोऱ्याला त्यानं कुलूप घातलं आणि मरेपर्यंत वर पाऊल टाकलं नाही. मग एक डॉक्टर आले. ते खाली रोगी तपासत आणि वर त्यांची बहीण पियानो शिकवी. कुणाच्या कण्हण्यानं कुणाचे सूर चुकत, देव जाणे. दोघंही बिनलग्नाची राहिली आणि जाताना घर दान करून गेली.

पुढची तीस वर्षं तिथं अनाथाश्रम होता. शेवटी सरकारी गोदाम झालं, छप्पर खचलं, घर पाडलं गेलं. आता तिथं गाड्या लावतात.

अनाथाश्रमाचं रजिस्टर शाबूत होतं. त्यात आजोबांच्या बायकोचं नाव होतं, जन्मसालही तेच. 'वय अंदाजे दोन महिने. मागच्या दाराच्या पायरीवर सापडली.' तिच्या वर-खाली त्याच काळातल्या आणखी दहा मुलींची नावं होती. अकरा बहिणी.

बाईंनी रजिस्टर मिटलं. सेहेचाळीस वर्षांचा संसार करून त्या बाईनं हे नवऱ्याला कळू दिलं नव्हतं. आता ती नसताना एका परक्या बाईनं ते सांगायचं?

छपाईवाल्याचा फोन आला. "बाई, तुमच्या त्या मनोऱ्यांनी सगळं पुस्तक अडवून धरलंय!"

बाईंनी पान लिहायला घेतलं. व्यापारी लिहिला, डॉक्टर लिहिले, पियानो लिहिला. मग लिहिलं, 'पुढची तीस वर्षं हे घर मुलींनी भरलेलं होतं. एके काळी अकरा बहिणी जिन्यावर बसून एकमेकींच्या वेण्या घालत.' यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी, एका चुकीच्या तारखेसाठी भल्याभल्यांशी वाद घालणाऱ्या बाईंना आपलंच अक्षर चोरट्यासारखं वाटलं.

सोमवारी आजोबा आले. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"एवढंच सापडलं?"

"एवढंच."

"जुनी रजिस्टरं वगैरे?"

"वाळवीनं खाल्ली," बाई म्हणाल्या. नजर त्यांनी हलू दिली नाही.

 आजोबा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसतच राहिले.

"उद्या माझ्या मुली येणार आहेत तुमच्याकडे," ते म्हणाले. "थोरली वकील आहे, खोदून खोदून विचारेल. तिलाही वाळवीच सांगा."

"तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"हिला मी तिथूनच लग्न करून आणलं, बाई."