हरकती व सूचना

निर्यात परवान्याच्या सतरा पानी अर्जाच्या नमुन्याबद्दल खात्याने नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या. भूकंपाची कंपने मोजणारे यंत्र बनवणाऱ्या इंजिनिअर बाईंचा अर्ज, त्या यंत्रात काही गोपनीय तंत्रज्ञान असावे या शंकेवरून, तेव्हा चौदा महिने त्याच खात्यात पडून होता. यंत्राला परदेशातून आलेली एकुलती एक ऑर्डर हातची गेली, तर त्यांच्या कारखान्याला टाळे लागणार हे निश्चित होते.

"ताई, चार ओळी खरड आणि मोकळी हो," धाकटा भाऊ वैतागला. "साहेबलोक वाचतात थोडेच!"

"पुरावा जोडला नाही, तर तक्रारीला कुरकुर म्हणतात रे," असे म्हणून बाईंनी आपल्या यंत्रात दडवण्यासारखे काहीही नाही, हे आकृत्या आणि समीकरणे देऊन नऊ पानांत सिद्ध केले.

तीन आठवड्यांत खात्याचे उत्तर आले.

"आपली सूचना आम्ही जशीच्या तशी संकेतस्थळावर प्रसिद्ध केली असून, तिच्यातील तंत्रज्ञान अशा रीतीने विनापरवाना परदेशी पोहोचवल्याबद्दल आपला अर्ज कायमचा फेटाळण्यात येत आहे."