दुरुस्त पानं

बाबांनी 'सेव्ह'चं बटण दाबलं आणि मागे उभी असलेली ठकी श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिली. 'सकाळी खिडकीवर बसून चहा पाहिला,' असं त्यांनी टाइप केलं होतं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वाक्य बदललं: 'सकाळी खुर्चीवर बसून चहा प्यायलो.' बाबा चष्मा पुसत होते. त्यांच्या लक्षात आलं नसावं.

बाबा चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफरीडर होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली आणि म्हातारपणी डोक्यात गाठ निघाली, तीही नेमकी शब्दांच्या जागी. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला ते एकटेच गेले होते. घरी येऊन त्यांनी इतकंच सांगितलं, की गाठ संथ आहे, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा आणि तोवर रोज एक पान लिहायचं. छापून काढलेल्या पानात चूक सापडली की ते पान टराटरा फाडत. त्या दिवशी मग जेवणावरही वासना नसे. ठकीला ते बघवेना.

ती प्रोग्रॅमर होती. ऑफिसात इतरांना एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, हव्या त्या सोयी घालून द्यायची. एका बाबतीत ती फार काटेकोर होती. एडिटरच्या मूळ फंक्शनला, म्हणजे एखादं काम करणाऱ्या कोडला, हात लावायचा नाही. ते आहे तसं चालू द्यायचं, आपलं फंक्शन त्याच्याभोवती गुंडाळायचं आणि नकोसं झालं की मागमूस न ठेवता काढून घेता आलं पाहिजे. बाबांसाठीही तिने तसंच केलं. मूळ सेव्ह त्यांचं पान जसंच्या तसं एका फोल्डरमध्ये ठेवायचं. मग तिचं फंक्शन चुकांच्या यादीवरून शब्द बदलून पान पुन्हा पडद्यावर आणायचं. त्यातून जे निसटे, ते ती संध्याकाळी पान छापण्याआधी हाताने नीट करी आणि यादीत भर घाली. सुरुवातीला यादीत अकरा शब्द होते.

बाबा पानं फाडायचे थांबले. चार घास जास्त जेवू लागले.

सहा महिन्यांनी स्कॅन झाला. या खेपेला डॉक्टरांनी ठकीलाही आत बोलावलं. टेबलावर एक जाडजूड फाइल होती. तीत बाबांची पानं तारीखवार लावलेली होती. ठकी चरकली. ती समजत होती, बाबा नुसत्या आठवणी लिहितायत; पानं डॉक्टरांकडे जातात हे तिला ठाऊक नव्हतं.

गाठ दुपटीहून मोठी झाली होती. आता ऑपरेशन करण्यासारखं काही राहिलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते पुन्हा पुन्हा पानं चाळत होते, जणू चूक त्यांचीच होती.

"गाठ वाढली की आधी लिखाण बिघडतं. म्हणून तर दर आठवड्याला पानं मागवत होतो. एक जरी पान बिघडलेलं दिसतं, तर त्याच दिवशी स्कॅन केला असता."

ठकीने बाबांना बाहेर बसवलं, परत आत येऊन लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं. मूळ पानं होतीच, एकही हरवलं नव्हतं. यादी तीनशे चाळीस शब्दांवर गेली होती. तिसऱ्या महिन्यात ती एकदम फुगली होती. तेव्हा ठकीच्या ते लक्षातही आलं होतं, पण आपलं काम चोख चाललंय याचंच तिला समाधान वाटलं होतं. डॉक्टरांनी तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिसऱ्या महिन्यात करता आलं असतं, एवढंच ते म्हणाले.

बाहेर बाकावर बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. ती शेजारी बसली.

"बाबा, हे माझ्यामुळे झालं. तुमची पानं मी बदलत होते."

"माहितीये," बाबा म्हणाले. एकेक शब्द चाचपून, मग उचलावा तसे ते बोलत होते. "चौथ्या दिवशीच कळलं. इतकं स्वच्छ पान... माणसाच्या हातून उतरत नाही."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीत?"

"पहिल्या दिवशी विचारलं होतं मी त्यांना. ऑपरेशन केलं तर माणूस... वाजतो, म्हणाले." ते थांबले. शब्द चुकलाय हे त्यांना कळत होतं, पण बरोबर शब्द येत नव्हता. ठकीने तो दिला नाही. "पण भाषा जाते. सगळी. ती नसली तर मी कोण, ठके? आधी माझी पानं मी फाडत होतो, त्यांच्या हाती नकोत म्हणून. मग तू लिहायला लागलीस, ती नेऊन दिली."