सोपानरावांचा ठिपका

सोपानरावांचा ठिपका पळाला.

चिंचवडच्या कोरोना कंट्रोल रूममध्ये योगिनीच्या स्क्रीनवर तो हिरव्याचा लाल झाला. पॉझिटिव्ह माणसाने घरात एका खोलीत राहायचं, फोनमधलं ॲप त्याच्यावर नजर ठेवणार, आणि बाहेर पाऊल टाकलं की गाडी येऊन थेट सेंटरला नेणार, असा नियम. आणि सत्तरीचे सोपानराव मोशीच्या गावठाणातून खुशाल नदीकडे निघाले होते!

"गाडी पाठव," कंट्रोल रूमचे प्रमुख धनेशसर म्हणाले.

"सर, एकदा व्हिडिओ कॉल करून बघते ना."

फोन उचलला गेला आणि स्क्रीनभर एक भलीमोठी ओली नाकपुडी आली. योगिनी किंचाळलीच. मग फोन हलला आणि पदराने तोंड बांधलेली एक बाई दिसली. शेजारच्या घरात राहणारी सोपानरावांची भावजय, छबूबाई.

"कोन गं तू? आत्ताच कडमडायचं हुतं व्हय!"

"आजोबा कुठायत?"

"भावजी खोलीतच हायेत की! नदीकडच्या गोठ्यात न्यायला खिडकीतनं फोन दिला मला. त्यांचा आवाज ऐकल्याबिगर ही मैना म्हस पान्हवत न्हाई. म्हून त्यांनी फोनात आवाज भरून दिला, तर तू मधीच फोन केलास. आवाज पडला बंद, चोरलं बघ हिनं दूध! कालपासनं कास तटतटून आलीया, ठणकतंय बिचारीला."

योगिनी ओशाळली. "आजोबांकडे दुसरा फोन आहे का?"

"बटनाचा हाय. बॅलन्स न्हाई त्यात."

बॅलन्स योगिनीकडे होता. तिने नंबर विचारून बटणाचा फोन लावला, कॉल जोडला आणि सवयीने विचारलं, "आजोबा, ऑक्सिजन किती?"

"सत्त्याण्णव," सोपानराव खोकत म्हणाले. मग मैनेने दूध चोरल्याचं भावजयीकडून कळलं तसा त्यांचा आवाज पाघळला. "मैने, ए मैनाबाय... सोड गं माझी लेक ती."

बादलीत धार वाजली. सर्रर्र, सर्रर्र. बेड मिळेना म्हणून रडणारे आवाज ऐकून ऐकून विटलेली ती कंट्रोल रूम योगिनीच्या स्क्रीनभोवती गोळा झाली. योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसतही होती. धनेशसरांनी गाडी पाठवायचं रद्द केलं.

मग रोज संध्याकाळी पाचला हा कार्यक्रम ठरलेलाच. आधी ऑक्सिजन, मग मैनाबाय, मग धार. आणि अख्खी कंट्रोल रूम कान लावून.

सोपानराव बरे झाले, मोकळे झाले. ठिपका नकाशावरून गेला. त्या दिवशी पाच वाजता योगिनीला चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, सोपान बोलतोय. गोठ्यातनं! मैनेच्या म्होरंच हाय."

"अय्या, अभिनंदन आजोबा!"

"कसलं अभिनंदन! केव्हाधरनं घसा खरवडतोय, ही ढिम्म. नुसती फोनाकडं बघतीया. तेवढं रोजच्यावानी इचारा बरं. त्याबिगर सोडंना झालीया."

धनेशसरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. योगिनी उठून उभी राहिली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, ऑक्सिजन किती?"

पलीकडे बादली वाजू लागली.