असाईत साखर

बाळ झाल्यापासून सुनेनं दुकानावर लाल झेंडा लावला नव्हता. ब्राझीलच्या उत्तरेला, आमच्या बेलें शहरात झेंडा दिसला की समजायचं, असाईच्या फळांचा ताजा गर तयार. विद्यापीठातली एक पोरगी दर आठवड्याला आमच्याकडं यायची. असाईतल्या अँटिऑक्सिडंटनी बाळंतिणींचं मन सावरतं का, हे तिला शोधायचं होतं. “हसू आलं का या आठवड्यात?” ती विचारायची आणि सून कापडी झुल्यात पडल्यापडल्या कूस बदलायची. आज पोरगीच रडवेली होती. परीक्षा तोंडावर, घर लांब, झोप नाही. मी शेजारच्या दुकानातून असाई आणून तिच्यापुढं ठेवला, तर बयेनं त्यात साखर ओतली. “साखर?” सून झुल्यात उठून बसली. “अगं, मासळीबरोबर खायचा असतो तो. कुठली तू?” “साओ पाउलोची.” “तरीच, तिकडं दक्षिणेत असाईसुद्धा गोड करून खातात,” म्हणत सून खदखदून हसली, मग पोरगीही. सुनेनं भांड्यातला असाई चाखला. “शी, शेजाऱ्यांनी नुसतं पाणी घातलंय. आई, आपला झेंडा कुठं ठेवलात?”