भिंतीपलीकडचा कण

विश्वातलं बहुतेक द्रव्य आजवर कोणीही पाहिलेलं नाही. ते त्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सापडलं. अकरा वाजून बारा मिनिटांनी पुन्हा सापडलं. दोन्ही वेळा प्रयोगाच्या प्रमुख बाई स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या. नऊ वर्षांत प्रयोगशाळेत दुसरं काही घडलंच नव्हतं.

प्रयोग तसा साधा. भिंतीच्या एका बाजूच्या खोलीत लेसर. पलीकडच्या खोलीत मिट्ट काळोख आणि उजेडाचा कण टिपणारं यंत्र. उजेड भिंतीतून जात नाही. पण त्यातला एखादा कण वेश पालटून त्या न दिसणाऱ्या द्रव्याचा झाला आणि भिंत ओलांडून पुन्हा मूळ रूपात आला, तर बाईंच्या टेबलावरचा भोंगा टिक् करणार. नऊ वर्षं तो गप्प होता. आज बारा वाजता साहेब प्रयोगाला कायमचं टाळं लावायला येणार होते.

टिक्.

"तिसरा!" बाई स्टुलावरूनच ओरडल्या.

"लेसर बंद करून बघू," सहकारी म्हणाला. त्याला सगळे शंकासुर म्हणत.

"बघ बाबा. होऊ दे तुझं समाधान."

लेसर बंद केला. दहा मिनिटं चिडीचूप. सुरू केला. टिक्. पुन्हा बंद, पुन्हा चिडीचूप. पुन्हा सुरू. टिक्, टिक्!

शंकासुराने चष्मा काढला, पुसला आणि कपाळावर चढवून तो शोधू लागला. "बाई, मला शंका नाही." हे तो स्वतःच्या लग्नातही म्हणाला नव्हता.

बाईंनी घरी फोन लावला. "अहो, सापडलं! ...चष्मा नाही हो, द्रव्य! विश्वाचं!"

साहेब टाळं घेऊन आले. तीन टिक् ऐकले आणि टाळं खिशात घातलं. "मी पहिल्यापासून तुमच्या पाठीशी होतो," ते गहिवरून म्हणाले. बाईंनी त्यांना मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

तेवढ्यात ऑफिसचे सुतारकाका दारात आले. काखेत करकरीत नवी पाटी: 'या भिंतीला हात लावू नये.'

"बाई, दोन वर्षांपूर्वी मागितली होतीत ना, ती मंजूर झाली. अकरा वाजता लेसरच्या खोलीत लावायला गेलो, पण खिळा भिंतीतून आरपारच गेला. काढून घेतला. जरा आखूड खिळा असेल का तुमच्याकडे?"