घड्याळाखाली उभं राहायचं

"नाव काय गं तुझं, बाळ?" बुटांच्या दुकानदाराने विचारलं.

ठमीने ओठ घट्ट मिटले आणि आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे नाही बघायचं. मी इथे नाहीच आहे. मी हरवलेय."

"तू नाही, मी हरवलेय!"

"बरं बाई, तू. मग? नाव सांगायचं?"

ठमीने जोरजोरात मान हलवली. दुकानदाराला गंमत वाटली. "घर कुठंय? बाबा काय करतात?" त्याने विचारून पाहिलं. मान हलतच राहिली.

"मूग गिळलेत वाटतं पोरीने," तो हसला. "पक्की आहे हो तुमची!"

"व्हायलाच हवी. संध्याकाळच्या बसने जायचंय. नवं शहर, ओळखीचं काळं कुत्रं नाही. गेल्या महिन्यासारखं पुन्हा झालं तर माझ्यात नाही ताकद."

गेल्या महिन्यात ठमी पक्ष्यांच्या बागेत हरवली होती. पाच वर्षांची पोर, पण जीभ वीतभर. जो पहिला माणूस भेटला त्याला तिने स्वतःचं नाव, आईचं नाव, घराचा नंबर, कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान, सगळं घडाघडा सांगितलं. किल्ली कुठल्या कुंडीखाली असते तेसुद्धा. तासाभरात पोलिसांची गाडी दाराशी. ठमीच्या हातात फुगा आणि गालाला चॉकलेट. तिला दारात बघून आई मटकन खालीच बसली होती.

"अगं, परक्यापुढे सगळं घर उघडं करते ही," शेजारची आजी म्हणाली होती. "उद्या भलत्याच्या हाती लागली म्हणजे? शिकव काहीतरी."

तेव्हापासून हा खेळ सुरू झाला. नाव सांगायचं नाही, पत्ता सांगायचा नाही, जिथे उभं केलंय तिथून हलायचं नाही. आई येईपर्यंत आकडे मोजायचे.

नवे बूट एक नंबर मोठेच घेतले. वाढतं अंग. जुन्यांच्या आत आईने शाळेसाठी पेनाने ठमीचं नाव लिहिलं होतं. ते तिने दुकानातच टाकून द्यायला सांगितले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. आईने ओढणीचं टोक ठमीच्या डोक्यावर धरलं आणि दोघी सावलीसावलीने केस कापायच्या दुकानात गेल्या.

"एवढी लांब वेणी!" कात्रीवाली हळहळली. "जिवावर नाही येत?"

"घामोळ्यांनी रडते हो. कापा, मुलासारखे बारीक करा."

आरशातल्या मुलीला ठमीने जीभ दाखवली. ही कुणीतरी वेगळीच होती. फरशीवरची एक बट आईने उचलली, रुमालात गुंडाळली आणि पर्सच्या तळाशी ठेवली.

दुपारी पोहण्याचा तलाव. मग आईस्क्रीम, हनुवटीपर्यंत ओघळलेलं. आईने रुमाल ओला करून तोंड पुसलं, मान पुसली, बोटंसुद्धा एकेक करून. नव्या बुटाने टाच लाल झाली होती, तिच्यावर फुंकर घातली. असा सगळाच्या सगळा शनिवार आईने ठमीला कधी दिला नव्हता. आई नेहमी दमलेली असायची.

कारंज्यापाशी पन्नासपर्यंतचा डाव झाला. ठमी कठड्याला चिकटून उभी राहिली. दोन बायका विचारून गेल्या, फुगेवाला विचारून गेला. ती गप्प. पन्नास म्हणताना आई झाडामागून आली.

"जिंकले!"

"जिंकलीस गं माझी राणी."

फोन वाजला. काकांचा होता. आईच्या ऑफिसातले काका, हल्ली रविवारी घरी येणारे. ठमीला ते कधी हाक मारत नसत.

"हो, सहाच्या आत," आई म्हणाली. "थोडंसंच राहिलंय. येईल तिला."

"काका येणारेत आपल्या बसमध्ये?"

"येणारेत."

"मग खिडकीत मी. काका नाही."

आईने तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. "चल, उशीर होतोय."

बसस्थानकात गर्दी उसळली होती. सुट्ट्या लागलेल्या, ज्याच्या त्याच्या हातात पेट्या आणि पोरं. मधोमध खांबावर मोठं घड्याळ. पलीकडे काका एक बॅग घेऊन उभे होते.

"आता शेवटचा डाव," आई गुडघ्यांवर बसली. "घड्याळाखाली उभं राहायचं. शंभरपर्यंत."

"मला अठ्ठ्याहत्तरनंतर गडबड होते."

"गडबड झाली की पुन्हा एकपासून. कोणी नाव विचारलं तर?"

"मूग!"

"पोलिसांनी विचारलं तर?"

ठमीने क्षणभर विचार केला. "मूग!"

"शहाणी गं माझी बाय." आईने तिच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, दुहेरी गाठीची. कपाळाचा मुका घेतला. तो जरा लांबलाच. "ए आई, सोड ना," ठमी म्हणाली. "मला जिंकायचंय." तिने डोळे मिटले. "एक, दोन, तीन..."

बस मागे सरली, वळली. खिडकीतून घड्याळ दिसत होतं. त्याच्याखाली नव्या बुटांतली एक बारीक केसांची पोर. खाकी गणवेशातली बाई वाकून तिला काही विचारत होती. पोरीने ओठ घट्ट मिटले होते आणि बोटं एकेक करून उघडत होती.

"या वेळी पत्ता सांगणार नाही ना?" काकांनी विचारलं.

"नाही सांगणार." आईने खिडकीचा पडदा ओढून घेतला. "गेल्या वेळीच शिकवून मग सोडायला हवी होती."